माझ्या मृत्युपत्राचा साक्षीदार

मृत्युपत्र करायचं, हे मी एका मंगळवारी संध्याकाळी चहा पिता पिता ठरवलं. त्याऐवजी आणखी अर्धा कप चहा मागितला असता, तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण मला निर्णय घ्यायला कधीच त्रास होत नाही, त्रास नंतर इतरांना होतो. (आमच्या घरात मी आजवर तीन निर्णय घेतले. पहिल्यामुळे गळकी टाकी आली, दुसऱ्यामुळे कुत्रा आला आणि मला चावून गेला, आणि तिसरा हा.)

साल १९९४, महिना मे, गाव लखनऊ. मी चंद्रकांत गोटखिंडीकर, मूळचा मिरजेचा. बँकेच्या बदलीने इकडे आलो तो बावीस वर्षं इथलाच झालो. (माझं आडनाव इथे कुणालाच पेलत नाही. बँकेत मी 'गोटे साहब' आहे.) इंदिरा नगरात लहानसं घर बांधलं. घरात पत्नी मालिनी, बी.कॉम.ला असलेला मुलगा संग्राम आणि बारावीतली मुलगी उत्कर्षा. मुलं इथेच जन्मली. आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देतात, आणि संसार चालतो.

त्या मंगळवारी बँकेत एक प्रकार घडला होता. चौकातले चिकनकारी भरतकामाच्या कपड्यांचे एक जुने व्यापारी वारले होते आणि त्यांचा लॉकर उघडायला तिघं मुलगे आले होते. लॉकरमध्ये निघालं चांदीचं एक पानदान. बाबूजींनी मागे एक ओळही लिहून ठेवलेली नव्हती. थोरला म्हणाला, बाबूजींनी ते मला तोंडी दिलं होतं. मधला म्हणाला, तोंडी तर मला दिलं होतं. धाकट्याने सरळ पानदान काखेत मारलं. पुढच्या झटापटीत पानदान उघडलं आणि वीस वर्षांपूर्वीचा कात माझ्या शर्टावर सांडला.

तोच शर्ट अंगात घालून घरी आलो. चहा घेतोय तोच संग्राम आला आणि म्हणाला, "पापा, ये मकान किसके नाम पर है?"

"माझ्या. का?"

"बस, ऐसे ही."

ऐसे ही! वीस वर्षांच्या मुलाला भर उन्हाळ्यात ऐसे ही घर कुणाच्या नावावर आहे हे जाणून घ्यावंसं वाटतं? मला त्याच्या काखेत ते पानदान दिसायला लागलं.

पुण्याचा माझा मावसभाऊ नरेंद्र याबाबतीत फार व्यवस्थित. मागच्या दिवाळीच्या पत्रासोबत त्याने स्वतःच्या मृत्युपत्राची नक्कलच पाठवली होती. (लोक चिवड्याचं पाकीट पाठवतात.) सोबत उपदेश होता, 'चंदू, माणसाने तीन मृत्युपत्रं करावीत. तिशीत एक, कारण मुलं लहान असतात, त्यांना कोण सांभाळणार ते लिहावं लागतं. पन्नाशीत एक, कारण तोवर घर झालेलं असतं. आणि सत्तरीत एक, कारण तोवर कोण कसं आहे ते कळलेलं असतं.' मी बावन्न वर्षांचा. म्हणजे एक मृत्युपत्र चुकलंच होतं आणि दुसऱ्याला उशीर झाला होता.

मी लगेच फुलस्केप कागद घेतला. मराठीतच लिहायचं ठरवलं, म्हणजे गुप्तता राहील. (मराठीची आणि हिंदीची लिपी एकच आहे, ही गोष्ट मला त्या क्षणी आठवली नाही. आठवायला हवी होती, हे मला मान्य आहे.) वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मृत्युपत्र'. त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग नरेंद्रच्या नकलेवरून उतरवून काढलं,

'मी, चंद्रकांत गोटखिंडीकर, वय वर्षे बावन्न, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने व विचारपूर्वक हे लिहून ठेवत आहे. जीवनाचा भरवसा नाही. माझ्यामागे कोणीही एकमेकांस दोष देऊ नये.'

इथवर झकास झालं. पुढे घर कुणाला द्यायचं ते लिहायचं होतं आणि तिथे लेखणी अडली. कारण नरेंद्रने मुलांमध्ये सरळ निम्मं निम्मं केलं होतं. मला वाटलं, असं डोळे मिटून का द्यावं? माझ्यामागे या घरात माझं नाव प्रेमाने कोण घेणार आणि कोण फक्त नळपट्टीच्या बिलावर वाचणार, हे आधी कळायला हवं. तेव्हा चार-पाच दिवस सगळ्यांना नीट पारखायचं आणि मग पुढचं लिहायचं, असं ठरलं.

"काय लिहिताय?" मालिनीने मागून विचारलं. मी कागदावर वर्तमानपत्र टाकलं.

"काही नाही. ऑफिसचं."

"ऑफिसचं काम तुम्ही ऑफिसात तरी करता का?" असं म्हणून ती संशयाने माझ्याकडे बघत गेली. मी कागद टेबलाच्या खणात ठेवला, वर पंचांग ठेवलं आणि खण लावला.

बुधवारी बँकेतून आलो तर खणात पंचांग खाली आणि कागद वर. म्हणजे कुणीतरी वाचला होता! आणि त्या संध्याकाळपासून माझ्या घरात असं काही सुरू झालं, की कोणत्याही बापाने सावध व्हावं. मुलं माझ्याशी गोड वागायला लागली.

उत्कर्षा एरवी मी पाणी मागितलं की "पापा, फ्रिज में है" म्हणते. ती स्वतःहून पन्ह्याचा पेला घेऊन आली. माझ्याशेजारी बसली. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पापा, आप कितने अच्छे हैं."

"कशावरून?" मी विचारलं. तिचे डोळे भरून आले. मी मनात टिपून ठेवलं, उत्तम अभिनय. पन्हं मी तुळशीला घातलं. (दोन दिवस तुळशीवर लक्ष ठेवलं. तिला उलट नवा फुटवा आला, म्हणून तिसऱ्या दिवशीचा पेला प्यालो. पन्हं चांगलं होतं.)

संग्रामची तऱ्हा तर आणखी भयंकर. जो मुलगा माझ्याबरोबर पोस्टापर्यंत यायला लाजायचा, तो रोज सकाळी टेम्पो स्टँडपर्यंत सोडायला येऊ लागला. रस्ता ओलांडताना माझं मनगट पकडायचा. एकदा म्हणाला, "पापा, हमें कुछ नहीं चाहिए. न मकान, न कुछ. बस आप."

मी तीस वर्षं बँकेत काढली आहेत. 'मला नको' असं न विचारता सांगणारा माणूस काय मागायला आलेला असतो, हे मला चांगलं माहीत आहे.

मग वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. प्रथम माझा दाढीचा वस्तरा गेला. विचारलं तर उत्कर्षा म्हणाली, "पापा, दाढ़ी में आप बड़े स्मार्ट लगते हैं." मग अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी गेली. मग गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली संग्रामच्या करगोट्यात गेली. ढेकणांचं औषधही गेलं. मी एका वहीत यादी करायला घेतली, कारण अर्थ उघड होता. माझ्या डोळ्यांदेखत वाटणी सुरू झाली होती! वस्तरा आणि गच्ची संग्रामला, दोरी सामायिक. ढेकणांचं औषध कुणाला हवंय ते मात्र कळेना.

या सगळ्यात मालिनी अगदी नेहमीसारखी वागत होती. तशीच ओरडत होती, तशीच भाजी आणायला पिटाळत होती. त्यामुळे माझा सगळ्यात जास्त संशय तिच्यावर होता. घरात एवढा कट शिजत असताना जी बाई शांतपणे भोपळ्याचे घारगे करते, ती साधी असणार नाही.

शुक्रवारी जेवताना मी मुद्दाम खडा टाकून पाहिला. म्हटलं, "परवा रविवारी माझं एक काम उरकून टाकतो. दोन माणसं लागतील, बस. मग मी मोकळा आणि तुम्हीही मोकळे."

उत्कर्षाच्या हातातला पापड पडला. संग्राम ताट सोडून उठला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारू लागला.

"कसलं काम?" मालिनी म्हणाली.

"वेळ आली की कळेल."

"टाकी दुरुस्त करणार असाल तर रविवार नको. मला केस धुवायचेत."

बघा. बाईचं काळीज!

साक्षीदार दोन हवेत, असं नरेंद्रच्या नकलेत खाली लिहिलं होतं. एक आमच्या बँकेचा शिपाई मिळण्यासारखा होता. दुसरे शेजारचे रस्तोगीजी. वीज खात्यातून निवृत्त झालेले, बोलण्यात अदब, भिडस्त माणूस. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. माझं हिंदी चांगलं आहे. एखादा शब्द अडला तर मी मराठीतला जड शब्द वापरतो, कारण तो शुद्ध हिंदीत तोच असतो, असा माझा बावीस वर्षांचा अनुभव होता.

"रस्तोगीजी, एक तकलीफ़ देनी थी."

"हुक्म कीजिए, भाई साहब."

"कल सुबह मुझे अपना मृत्युपत्र करना है. आपको गवाह बनना है."

अडकित्ता थांबला. "क्या करना है?"

"मृत्युपत्र. शुद्ध हिंदी है," मी समजावलं. "पाँच मिनट का काम है. मैं अपना कर लूँगा, आप बस सामने बैठकर देखिएगा. क़ानून में दो आदमियों का देखना ज़रूरी है."

"देखना?" रस्तोगीजींचा आवाज बारीक झाला. "घर में... घर में सबको मालूम है?"

"मैंने नहीं बताया. बाद में तो मालूम हो ही जाएगा."

"भाई साहब, ऐसी भी क्या परेशानी है?"

"परेशानी कैसी? हमारे महाराष्ट्र में अच्छे-अच्छे घरों के लोग करते हैं. मेरे भाई नरेंद्र ने पिछले साल किया. अब बड़े चैन से है."

"अब?"

"हाँ हाँ. दिवाली पर चिट्ठी भी आई थी."

रस्तोगीजींनी सुपारीचं ताट हळूच खाली ठेवलं. मला वाटलं, माणूस उत्सुक झालाय. तेव्हा मी आणखी आग्रह केला. "मैं तो कहता हूँ, आप भी कर डालिए. उम्र में मुझसे बड़े हैं. अब तक हो जाना चाहिए था. भाभीजी को भी साथ बिठा लीजिए, दोनों का इकट्ठा हो जाएगा."

त्यांनी दोन्ही हात जोडले, ते तसेच जोडून ठेवले आणि मागे मागे सरकत घरात गेले. लखनवी नम्रता ती हीच, असं मनाशी म्हणत मी घरी आलो.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसलो. पेनात शाई भरली. बँकेच्या शिपायाची वाट पाहत होतो, तेवढ्यात दारात गलका झाला. पुढे रस्तोगीजी, मागे त्यांच्या पत्नी, त्यांच्या मागे गल्लीतली आठ-दहा माणसं आणि सगळ्यांच्या मागे माळ जपत कॉलनीतल्या देवळाचे पुजारी. संग्रामने झडप घालून माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. उत्कर्षा माझ्या पायांना मिठी मारून हुंदके द्यायला लागली.

"भाई साहब," रस्तोगीजी हात जोडून म्हणाले, "जीवन अनमोल है."

"अनमोल आहे म्हणूनच तर करतोय," मी म्हणालो. गर्दीतून कुणीतरी "हे राम" म्हणालं.

"गोटे साहब, भगवान का दिया हुआ भगवान को ही लेने दीजिए," पुजारी म्हणाले.

आता मात्र मी चमकलो. देवळालाही घरात वाटा हवा होता! म्हणजे बातमी पार तिथवर गेली होती. मी ओरडलो, "एकालाही काही मिळणार नाही! आज मी करणारच!"

यावर जो आकांत झाला, तो ऐकून मालिनी ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली. "काय चाललंय? टाकी फुटली का?"

"मम्मी, आपका बी.पी. बढ़ जाता, इसलिए नहीं बताया," संग्राम रडत म्हणाला. त्याने खणातून कागद काढून तिच्या हातात दिला. "पापा जान देने वाले हैं. मैं स्कूटर के लर्निंग लाइसेंस के लिए मकान का काग़ज़ ढूँढ रहा था, तब मिला. देखो, सब लिखा है. अपनी ख़ुशी से, किसी का दबाव नहीं, किसी को दोष न देना."

मालिनीने कागद वाचला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग मुलाकडे बघितलं.

"अरे गाढवा, हे मृत्युपत्र आहे."

"वही तो!"

"मृत्युपत्र म्हणजे वसीयत रे! वसीयत!"

मग उत्कर्षा माझ्या पायांशी बसल्या बसल्या हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. संग्रामने खिशातून माझा वस्तरा काढून टेबलावर ठेवला. चार रात्री तो पोरगा माझ्या खोलीच्या दारात चटई टाकून झोपत होता. मला वाटलं होतं, तिजोरीवर पहारा देतोय. तो माझ्यावर पहारा देत होता. खरं सांगतो, मला भरून आलं. नळपट्टीच्या बिलाची भाषा करणाऱ्या स्वतःचीच मला लाज वाटली. मी दोघांना जवळ घेतलं आणि म्हटलं, "घर तुमचंच आहे रे. निम्मं निम्मं." नरेंद्र इतका मूर्ख नव्हता, हे मला पहिल्यांदाच पटलं.

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण घाम पुसत रस्तोगीजी म्हणाले, "तो वसीयत कहिए न, भाई साहब! आपने तो मेरी जान निकाल दी थी. भाभीजी ने कितनी आसानी से कहा था, वसीयत पर दस्तख़त कर दीजिए, और मैंने कर दिए."

"कुठल्या भाभीजी?" मी विचारलं.

सगळे मालिनीकडे बघायला लागले. ती शांतपणे केस पुसत होती.

"माझं झालंय मागेच," ती म्हणाली. "महिला मंडळात लताताई वकील आल्या होत्या ना भाषणाला. लग्न झालं की एक करावं, मुलं झाली की दुसरं आणि पन्नाशीला आलं की तिसरं, असं त्या म्हणाल्या. मी थेट तिसरंच केलं."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे आधी सगळ्या कॉलनीला बोलवावं लागतं."

गर्दी हसली. मला राग आला आणि मी तिचं मृत्युपत्र बघायला मागितलं. तिने कपाटातून काढून दिलं. सुवाच्य अक्षर, अनुक्रमांक घातलेले, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, त्यांतली एक रस्तोगीजींची, ठसठशीत. बांगड्या आणि शिलाई मशीन उत्कर्षाला. पितळी भांडी आणि माहेरची पेटी संग्रामला. मी माझं नाव शोधू लागलो. बायकोने आपल्यासाठी काय ठेवलंय याची कुणालाही उत्सुकता असतेच. नाव नाही, पण मी सापडलो, सहाव्या क्रमांकावर. मी मोठ्याने वाचायला लागलो आणि अर्ध्यावर थांबलो. तेव्हा उत्कर्षाने कागद घेऊन एकेक अक्षर लावत पुढचं वाचलं,

"'सहा. हे. यांना संग्रामने सांभाळावे. न जमल्यास उत्कर्षाने. चहात साखर कमी. यांच्या हाती कागदपत्रे देऊ नयेत.'"

मी वारसांच्या यादीत नव्हतो. मी मिळकतीच्या यादीत होतो, पितळी भांड्यांच्या खाली.

तरी मी मोठ्या मनाने मुलांकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी याच मुलांनी माझ्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. पानदानावर तीन भाऊ तुटून पडले होते, इथे तर साक्षात बाप होता. जन्मभर एकमेकांशी 'तू'शिवाय न बोलणारी ही भावंडं आता एकमेकांकडे बघत होती.

"भैया," उत्कर्षा अत्यंत अदबीने म्हणाली, "पहले आप."

"नहीं नहीं," संग्राम किंचित झुकून म्हणाला, "पहले आप."

रस्तोगीजींना या तहज़ीबचं फार कौतुक वाटलं. अर्धा तास झाला तरी तिढा सुटेना. शेवटी मालिनीने सातव्या क्रमांकावर बोट ठेवलं. तिथे बैठकीतला नवा कूलर होता आणि तो अजून कुणाच्याच नावे केलेला नव्हता. तिने माझंच पेन उचललं आणि कंसात लिहिलं, 'जो कूलर घेईल, त्याने यांनाही घ्यावे.'

दोघंही बराच वेळ कूलरकडे बघत विचार करत होती.